बोळाच्या तोंडावरचं फाटक

१

मंगळवारी सकाळी तिथे बोळ होता. संध्याकाळी फाटक होतं.

बोळ म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. पुढच्या बंगल्याच्या कडेने मागच्या घरापर्यंत जाणारी फरशीची पट्टी. एका अंगाला बंगल्याची भिंत, दुसऱ्या अंगाला गोदामाची. पट्टीची जमीन बंगल्याच्या मालकीची आणि तिच्यावरून जायचा-यायचा हक्क मागच्या घराचा. याला कायद्यात वहिवाटीचा हक्क म्हणतात आणि व्यवहारात कटकट म्हणतात. पण बंगल्याचा जुना मालक भला माणूस होता. कटकट होण्याआधीच तो वारला. मग बंगला दातांच्या डॉक्टरांनी घेतला.

मागच्या घरात सोफ्यांचा कारखाना होता. निदान पाटीवर तरी तसं लिहिलेलं होतं. आत एक शिवणयंत्र, एक लांब टेबल, फोमचे ढीग आणि चार माणसं. आप्पा कापड कापत. त्यांची थोरली मुलगी फोम भरून वर कापड ताणून ठोकत असे आणि गिऱ्हाइकांशी बोलत असे, म्हणजे कारखाना चालवत असे. धाकटा मुलगा लाकडी सांगाडे करी. धाकट्याची बायको, म्हणजे थोरलीची भावजय, शिवणयंत्रावर बसे.

त्या मंगळवारी चौघंही भावजयीच्या माहेरी गेली होती. तिचे वडील पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. संध्याकाळी भाड्याच्या गाडीतून उतरून पाहतात तो बंगल्याच्या रस्त्याकडच्या अंगाला नवंकोरं लोखंडी कुंपण, ते थेट बोळाच्या तोंडावरून पुढे गेलेलं, आणि बोळासमोर त्याच रंगाचं एक अरुंद फाटक.

"चोर आहे लेकाचा!" आप्पा ओरडले. "दात उपटतो ते उपटतो, आता वाटही उपटली! बाहेर ये म्हणावं!"

डॉक्टर बाहेर आले नाहीत. खिडकीचा पडदा तेवढा हलला.

थोरलीने फाटक आपल्याकडे ओढलं. ते उघडलं. ती आत गेली, खांद्यावरची पिशवी खांबाला घासून गेली, आणि पलीकडे उभी राहून तिने मागे वळून पाहिलं. आत कारखान्यात नाट्यगृहाच्या प्रतीक्षागृहाचा सोफा तयार होता. कारखान्याने आजवर केलेला सर्वांत लांब, रुंद, गुबगुबीत सोफा. नाट्यगृहाचं नूतनीकरण संपत आलं होतं, सोफा शनिवारी पोचवायचा होता, आणि तो पसंत पडला तर आतल्या सगळ्या खुर्च्यांचं काम मिळणार होतं. नाही मिळालं तर पाटी उतरवायची वेळ आलीच होती.

धाकट्याने दोन्ही हात पसरून फाटकाचा अंदाज घेतला. मग तसेच हात पसरून बोळात काही पावलं चालला, जणू सोफाच चालला आहे.

"ताई," तो म्हणाला, "आडवा नाही, उभा नाही, तिरका नाही. हा जात नाही."

२

समोरच्या चाळवजा इमारतीत बेलिफबाई राहत. नोकरीभर त्यांनी कोर्टाची समन्सं लोकांच्या दारी नेऊन दिली होती. आपण घरी नाही हे माणसं घरातूनच ओरडून सांगतात, असा त्यांचा अनुभव होता. निवृत्तीनंतर त्या कुणाच्या दारी फारशा जात नसत. लोकच त्यांच्या दारी येत.

बुधवारी सकाळी थोरली आली.

"बाई, कुंपण घालता येतं का त्यांना?"

"जमीन त्यांची. कुंपण घालता येतं, फाटकही लावता येतं. तुझी वाट मात्र अडवता येत नाही."

"अडवली आहे असं ते म्हणतच नाहीत. माणूस जातो ना, म्हणतात."

"माणूस गेला की भागलं असं कुणी ठरवलं? त्या बोळातून सोफे जातात हे मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून बघते आहे. चल, दात दाखवून येऊ."

डॉक्टरांच्या दवाखान्यात चांगल्याच मऊ खुर्च्या होत्या. त्या थोरलीने केलेल्या नव्हत्या. डॉक्टर पन्नाशीचे, गोरेगोमटे, माणसाशी बोलताना त्याच्या डोळ्यांऐवजी दातांकडे पाहणारे.

"कुत्री शिरायची हो," ते म्हणाले. "परवा अचानक ठरवलं, काल घातलं. मंगळवारी दवाखाना बंद असतो."

"आणि नेमकं मंगळवारीच मागचं घर रिकामं," बेलिफबाई म्हणाल्या.

"योगायोग."

"मागचं घर विकत घ्यायचं आहे म्हणे तुम्हाला."

"विचारलं होतं एकदा. या नाही म्हणाल्या. विषय संपला." डॉक्टरांनी हातमोजे काढले. "हे बघा, मी बेकायदा काही केलेलं नाही. इतकंच रुंद फाटक पुरेल, असं मला मागच्या घरातूनच सांगण्यात आलं. होकार घेऊन काम केलंय मी."

थोरली उठून उभी राहिली. "कुणाचा होकार?"

"माफ करा. पेशंटच्या गोष्टी मी बाहेर सांगत नाही."

"पेशंटच्या?"

डॉक्टरांचा चेहरा, भूल चुकीच्या बाजूला दिली गेल्यावर होतो तसा झाला. "माणसाच्या, म्हणायचं होतं मला," ते म्हणाले.

थोरली पायऱ्या भराभर उतरली. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "बाई, गेल्या महिन्यात आमच्या हिने इथेच दाढेवर टोपी बसवून घेतली."

३

'आमची ही' म्हणजे भावजय. ती यंत्रावर बसली होती आणि नणंदेचा चेहरा पाहून तिने पायाखालची पट्टी सोडली.

"माहेरी जायचं तूच काढलंस," थोरली म्हणाली.

"वडिलांचं हाड मोडलं ताई. मी मोडलं नाही."

"मंगळवारीच कसं काढलंस?"

"मी रविवार म्हटला होता. रविवारी वाटेत गर्दी असते, ती आप्पांना सोसत नाही, म्हणून मंगळवार झाला. आणि हे सगळं या टेबलावरच ठरलं, तुमच्यासमोर."

"डॉक्टरकडे कोण जातं?"

"दाढ दुखते तो जातो. आप्पांची कवळी तिथलीच आहे. यांनी अक्कलदाढ काढली तिथेच." भावजयीने दोरा दातांनी तोडला, बहुधा टोपी दिसावी म्हणून. "ताई, हे घर विकू या असं मला वाटतं. ते मी तुमच्या तोंडावर सांगितलंय, दिवाळी नाही आणि काही नाही, साध्या जेवणाच्या ताटावर. तुम्ही चार दिवस बोलला नाहीत माझ्याशी. मग आता चोरून कशाला सांगेन?"

हे बिनतोड होतं. त्यामुळे थोरलीला आणखी राग आला. घरात बिनतोड बोलणाऱ्या माणसावर कुणाचंही प्रेम नसतं.

बेलिफबाई मागच्या अंगणात गेल्या. धाकटा एका सांगाड्याला रंधा मारत होता.

"मी सांगतो तुम्हाला," तो न विचारताच म्हणाला, "संशय माझ्यावर घ्या. या धंद्याला मी विटलोय हे बोळातल्या मांजरालाही माहीत आहे. पण बाई, ताईने ती दुसऱ्या गावची नोकरी सोडली ना, फर्निचरच्या मोठ्या कंपनीतली, ती आमच्यासाठी सोडली. आप्पा जाऊ नको म्हणाले नाहीत. नुसतं जेवायचे थांबले. ही थांबली. तिची वाट मी बंद करू?"

"करावीशी वाटली नाही कधी?"

"वाटली. पण मला ते तोंडावर म्हणायची सवय आहे. रोज म्हणतो. तिला आता ऐकूही येत नाही."

हे बोलताना त्याने खाचेत एक लाकडी पट्टी बसवून पाहिली. ती अलगद बसली, थोडी हललीही.

"सैल झाली?" बेलिफबाईंनी विचारलं.

"लाकूड आत बसवायचं तर केसभर कमीच कापायचं. ठोकून बसवलं की फुटतं."

आप्पा आत लांब टेबलापाशी होते. कात्री त्यांची. तिला घरात दुसरं कुणी हात लावत नसे. थोरलीने लहानपणी एकदा लावला होता आणि त्याबद्दल आजही तिला सांगितलं जाई. त्यांनी सोफ्याच्या एका हातावर टेप लावली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून आकडा पुकारला. भावजयीने "हो" म्हटलं.

बेलिफबाईंनी टेपकडे पाहिलं. "आप्पा, टेपवर तर कमी दिसतंय."

"दिसणारच." आप्पा खुशीत हसले. "कापड शिवणीत जातं ना बाई. दोन्ही कडांना दोन-दोन बोटं माया धरूनच मी बोलतो. मोजायचं एक, सांगायचं एक. उभा जन्म गेला. आता साधा आकडा तोंडात येतच नाही, दुधवाल्यालाही जास्त दूध सांगतो."

"मग तुमच्या बोलण्यातून खरं माप कसं कळायचं?"

"कशाला कळायला हवं? मी आहे ना." मग त्यांनी कात्री खाली ठेवली आणि आवाज उतरवला. "त्या डॉक्टरला सोडू नका. ही पोर आहे म्हणून कारखाना आहे. नाहीतर मी केव्हाच मोकळा झालो असतो."

त्यांनी डोळे पुसले. थोरली दारात उभी राहून ऐकत होती. तिने जवळ येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी सोफा बाहेर काढते आप्पा," ती म्हणाली. "तुम्ही जीवाला लावून घेऊ नका."

४

दुपारी बेलिफबाई फाटक बघायला गेल्या. एकट्याच. माणसं बरोबर असली की ती वस्तूच्या वतीने बोलायला लागतात.

पहिली गोष्ट त्यांना अंगाने कळली. फाटकाच्या खांबाला त्यांनी अंग टेकलं, मग जोर दिला, मग अगदी असभ्य जोर दिला. खांब ढिम्म. बुंध्याशी काँक्रीट पांढरं, कोरडं, ठणठणीत. काल घातलेलं काँक्रीट आज असं नसतं. आणि काँक्रीटवर एक गोल हिरवट कडं होतं.

असलं कडं कुंडीखाली पडतं. बोळाच्या तोंडाशी दोन्ही अंगांना सिमेंटच्या दोन मोठ्या कुंड्या गेले काही आठवडे ठेवलेल्या होत्या. डॉक्टरांची सौंदर्यदृष्टी म्हणून मागच्या घराने तिचं कौतुकही केलं होतं. आता त्या कुंड्या बंगल्याच्या पायरीपाशी गेल्या होत्या. म्हणजे खांबांचे पाये केव्हाच ओतून, वर कुंड्या ठेवून झाल्या होत्या. कुत्री परवा शिरली असली तरी त्यांचा बंदोबस्त त्यांच्या आधी शिरला होता.

दुसरी गोष्ट डोळ्यांनी कळली. फाटक दोन खांबांच्या मध्ये बसलेलंच नव्हतं. ते खांबांमधल्या जागेपेक्षा मोठं होतं. म्हणून ते खांबांच्या बाहेरच्या तोंडावर, दोन्हीकडे थोडं-थोडं पुढे आलेलं, पाकिटाच्या झाकणासारखं लावलं होतं. जाण्याची जागा खांबांमधली तेवढीच, आणि तिच्यावर हे अघळपघळ झाकण.

वेल्डरचं दुकान कोपऱ्यावर होतं. फाटकाचा विषय काढताच त्याने काळा चष्मा कपाळावर चढवला.

"आकडा चुकला, वेल्डिंग नाही," तो म्हणाला. "हे आधी सांगून ठेवतो. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तेवढंच बनवलं मी. सूतभर इकडेतिकडे नाही."

"डॉक्टरांनी मोजलं?"

"छे! ते म्हणाले, मी टेप घेऊन बोळात उभा राहिलो तर मागे बोंब होईल. दोन खांबांमधलं माप दुसऱ्याकडून आलंय, म्हणाले, आणि माणूस मापातला आहे, डोळे झाकून कर. मी डोळे झाकून केलं. काल लावायला गेलो तर आत जाईना. डॉक्टर माझ्यावर खेकसले! मी म्हटलं, तुमचा मापातला माणूस आणा आणि त्याच्यावर खेकसा."

"मग आणला?"

"गप्प झाले. म्हणाले, बाहेरून लाव."

बेलिफबाई परत निघाल्या. बोळात टेप घेऊन उभा राहिला तरी ज्याची बोंब होणार नाही असा माणूस. गळ्यात टेप घालूनच जो दात घासायला उठतो असा. मागच्या घरात तशी चार माणसं होती, आणि त्यांतल्या एकीला बाकीच्या तिघांतलं नाव आपल्या तोंडाने सांगणं बाईंच्याने होईना.

५

"फाटक किती पुढे आलंय ते मला मोजून दे," गुरुवारी सकाळी बेलिफबाई थोरलीला म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांना आता आकडे दिसत नाहीत."

डोळ्यांना चांगले दिसत होते. पण काही समन्सं अशी असतात की ती माणसाने स्वतःच्या हाताने उघडलेली बरी.

थोरलीने गळ्यातली टेप काढली. डावीकडच्या खांबापाशी वाकली. फाटकाची कड खांबाच्या आतल्या बाजूपासून किती पुढे आली ते पाहिलं. टेपवर बघण्याआधी तिने सवयीने आपली दोन बोटं तिथे टेकवली होती. ती बरोबर बसली.

ती उजवीकडे गेली. तिथे तिने टेप लावलीच नाही. नुसती बोटं टेकवली.

बराच वेळ ती वाकलेलीच राहिली. रस्त्यावरून एक सायकलवाला गेला, त्याला वाटलं काहीतरी पडलंय, शोधतायत. मग ती सरळ झाली, टेप गुंडाळायला लागली. टेप गुंडाळायला एवढा वेळ लागत नाही.

"किती?" बेलिफबाईंनी विचारलं.

"काही विशेष नाही. वेल्डरचीच चूक असणार." थोरलीचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. तेच वाईट होतं. "चला बाई, चहा घेऊ."

"तुला कळलंय."

"मला काही कळलेलं नाही."

घरात असून घरी नाही म्हणणाऱ्या माणसाच्या दारात उभं राहण्याची बाईंना सवय होती. अशा वेळी बेल पुन्हा वाजवायची नसते. नुसतं उभं राहायचं.

"बाई," थोरली शेवटी म्हणाली, "आपण हे इथेच सोडलं तर?"

"तर शनिवारी सोफा आत राहील. तू भावजयीवर जन्मभर संशय घेशील, आणि तो खोटा आहे हे तुला जन्मभर माहीत असेल."

थोरली फाटक उघडून आत गेली. ते तिने आपल्यामागे लावून घेतलं नाही.

६

चौघंही कारखान्यात होती. नाट्यगृहाचा सोफा मध्यभागी, त्यावर प्लास्टिकचं आवरण. बसायला दुसरी जागा नसल्यामुळे बेलिफबाई त्याच्यावरच बसल्या. सोफा उत्तम होता.

"फाटकाचं माप याच घरातून गेलं," त्या म्हणाल्या. "माप चुकलं आहे. आणि चूक कुणाची आहे ते ती कशी चुकली यावरून कळतं. डॉक्टर स्वतः मोजते तर दाढेची टोपी बसवावी तसं नेमकं मोजते. धाकट्याने मोजलं असतं तर केसभर कमी आलं असतं, आत बसणाऱ्या वस्तूला तो कधी पूर्ण माप देत नाही. तुझ्या भावजयीकडे कापलेलं कापड येतं. तिला शिवून झाल्यावर उरतं तेवढंच माप माहीत. वेल्डरने सांगितलं तेवढंच केलं. हे फाटक मोठं आहे. दोन्ही कडांना, सारखंच."

"मग वेल्डर चुकला," आप्पा म्हणाले. "दारुडा आहे तो."

"आप्पा, दोन-दोन बोटं," बेलिफबाई म्हणाल्या.

आत यंत्र बंद होतं. तरी भावजयीने त्याच्यावर हात ठेवला, जणू ते सुरू होईल.

"हात्तिच्या!" आप्पा हसले. "तेवढ्यावरून? दोन बोटं म्हणजे काय माझ्या नावाने लिहिलेली आहेत?" त्यांनी थोरलीकडे पाहिलं. "सांग की गं यांना."

थोरलीने सांगितलं नाही. ती टेबलाच्या पलीकडे उभी होती.

"मंगळवार तुम्ही ठरवलात," ती म्हणाली. "रविवारी गर्दी असते म्हणालात. गाडीत तुम्ही पुढे बसलात आणि सबंध वेळ काच खाली करून गाणी म्हणत होतात. मला वाटलं, किती दिवसांनी खूश आहेत."

"अगं—"

"तुम्ही मोजलंत?"

आप्पा कात्रीकडे पाहत राहिले. माणूस म्हातारा होतो तो एका क्षणात होतो, बाकीची वर्षं नुसती तयारी असते.

"मोजलं," ते म्हणाले. "तुझ्यासाठीच मोजलं."

"माझ्यासाठी?"

"माझ्याच्याने आता कात्री धरवत नाही. बोटं उघडत नाहीत सकाळची. मला कुठेतरी जायचं आहे, जिथे उठल्याबरोबर फोमचा वास येत नाही. डॉक्टर घर घ्यायला तयार आहे. पण तू आहेस ना. तू एवढी राबतेस. तुला कुठल्या तोंडाने सांगू की मला हे नको झालंय? म्हटलं, काम आपोआप थांबेल. तुलाही वाटेल, आपण होईल तेवढं केलं, पुढे इलाज नव्हता. कुणावर दोष नाही."

"दोष डॉक्टरवर."

"त्याला काय, परका माणूस. त्याने कबूल केलं होतं."

"म्हणजे मी रडले असते," थोरली सावकाश म्हणाली, "पाटी उतरवली असती, आणि तुम्ही माझी समजूत काढली असती."

आप्पांनी कात्री थोडी बाजूला सरकवली. खोडून काढण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"मला नोकरी लागली तेव्हाच सांगायचंत. गेले असते."

"तेव्हा नको झालं नव्हतं."

"मग नको झालं तेव्हा सांगायचंत."

"तुला वाईट वाटलं असतं."

"हो, वाटलं असतं. आता कसं वाटतंय असं वाटतं तुम्हाला?"

धाकट्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. भावजयीने त्याच्या बाहीला धरून त्याला गप्प केलं. ती रडत होती, आणि तिच्यावर संशय घेतला गेला होता त्यासाठी रडत नव्हती.

"झालं ते झालं," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज जरा चढला. चुकलेल्या बापाला तोच एक आवाज येतो. "घर माझं आहे, वाट माझी आहे. मी सोडली. आता कायदा काढून काय मिळवणार?"

"घर कुणाच्या नावावर आहे?" बेलिफबाईंनी विचारलं.

थोरलीने धाकट्याकडे पाहिलं.

"आईच्या," धाकटा म्हणाला. "आईच्या बापाचं होतं. तिच्यामागे आमच्या तिघांचं."

"मग आप्पांनी सोडली ती त्यांच्यापुरती सोडली. वाट तिघांची आहे. एकाने परस्पर हो म्हटलं म्हणून ती अरुंद होत नाही." बेलिफबाई सोफ्यावरून उठल्या. "मी डॉक्टरांकडे जाते. त्यांना त्यांच्या वकिलाला फोन करायचा असेल."

दारात त्या थांबल्या. अशा वेळी काहीतरी धीराचं बोलायची रीत असते. त्यांना काही सुचलं नाही, म्हणून त्या तशाच गेल्या.

७

डॉक्टरांच्या वकिलाने फोनवर पुष्कळ ऐकून घेतलं आणि थोडंच सांगितलं. कुंपण राहू द्या, फाटक राहू द्या, पण जे आजवर जात आलंय ते जायला हवं. हे ऐकून डॉक्टरांनी आपल्या दातांवरून जीभ फिरवली.

शनिवारी सकाळी वेल्डरने गोदामाकडचा खांब कापून भिंतीलगत सरकवला. आपलं काम आपणच कापायला लागल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर होतं, पण फाटक आता रुंद करायचं म्हणजे नवं बनवावं लागणार, हे लक्षात आल्यावर ते कमी झालं. डॉक्टर आपल्या पायरीवर उभे होते. पांढरा कोट, हात मागे. कुणी बघितलं की ते कुंड्यांकडे बघत.

नाट्यगृहाचा टेम्पो रस्त्यावर लागला होता. ड्रायव्हरने इंजिन चालूच ठेवलं होतं आणि घाई आहे असं मधूनमधून नुसत्या हॉर्नने कळवत होता.

सोफा बोळातून निघाला. मागचं टोक धाकट्याने आणि भावजयीने धरलं होतं. पुढचं टोक थोरलीने एका बाजूने. आजवर कारखान्यातून गेलेल्या प्रत्येक सोफ्याच्या पुढच्या टोकाची दुसरी बाजू आप्पा धरत. वजन फारसं घेत नसत. "हळू, हळू" म्हणत. त्या दिवशीही ते बाह्या सरसावून आले होते. आदल्या दोन दिवसांत थोरली त्यांच्याशी वागत होती तशी ती गिऱ्हाइकांशी वागे. चहा वेळेवर, उत्तर पूर्ण वाक्यात.

फाटकापाशी सोफा कलला. पुढच्या टोकाला एका माणसाचा भार झेपणारा नव्हता. थोरलीने गुडघा लावला.

"मी धरतो," आप्पा म्हणाले आणि पुढे झाले. "हळू. हळू."

"नको."

"अगं, पडेल."

"आप्पा, बाजूला व्हा."

तिने पायरीकडे पाहिलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "जरा इकडून धरता?"

डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं. मागे दुसरा कुणी डॉक्टर नव्हता.

"मी?"

"हो, तुम्हीच. तुम्ही कसे आहात ते मला माहीत आहे."

डॉक्टर पायरी उतरून आले. कसं धरायचं ते त्यांना कळेना. थोरलीने बोटाने दाखवलं. त्यांनी खाली हात घालून उचललं आणि त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, एरवी त्यांच्या खुर्चीतून निघतो तसला. सोफा सरळ झाला. खांबाला न घासता फाटकातून बाहेर पडला, टेम्पोत चढला, मागची फळी लागली.

थोरली ड्रायव्हरशेजारी बसली. टेम्पो वळेपर्यंत धाकटा आणि भावजय हात हलवत होती. डॉक्टर कोटाला लागलेला फोमचा चुरा झटकत होते, आणि आप्पा बाह्या सरसावलेल्या हातांनी मोकळ्या बोळाच्या तोंडाशी उभे होते.